त्या राजदूताला एक संध्याकाळ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद,
आपले वाचनालय, वडोदरा

स. न. वि. वि.

वासंतिक व्याख्यानमालेसाठी सभासदांनी विषय सुचवावेत अशी सूचना फळ्यावर लागली, तेव्हा मी मेक्सिकोच्या एका कवीवरचा विषय लिहून दिला होता : ‘ऑक्टाव्हियो पाझ – राजदूत आणि कवी’. आठ दिवसांनी कागद परत आला. वर लाल शाईने एक ओळ होती, ‘विषय मराठी वाचकांशी संबंधित नाही.’ खाली सही नव्हती. एकोणचाळीस वर्षे मी या वाचनालयाची सभासद आहे आणि आजवर जे काही सांगायचे ते कार्यवाहांच्या टेबलाशी उभी राहून सांगितले. या वेळी उघड पत्र लिहिते आहे, कारण ती ओळ मला मुळीच पटलेली नाही, आणि का पटली नाही हे शहरातल्या बाकीच्या मराठी मंडळांनीही वाचावे असे वाटते.

संबंधाचेच म्हणाल तर आपल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागापासून सुरुवात करू. 1962 च्या ऑगस्टमध्ये भावनगरला पंड्या कुटुंबाच्या घरी काही तरुण चित्रकार जमले. घराचा नंबर होता 1890, म्हणून गटाचे नाव ‘ग्रुप 1890’. बारा जण होते. जगदीश स्वामिनाथन हे त्यांचे पुढारी. पण यादी नीट वाचा : ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, राघव कनेरिया, हिम्मत शाह, जेराम पटेल. ही आपल्या कमाटी बागेजवळच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेली किंवा शिकवणारी माणसे. त्यांतले बरेचसे ज्या मास्तरांच्या हाताखालून गेले ते ना. श्री. बेंद्रे इंदूरचे मराठी माणूस. त्याच यादीत आपल्या अकोल्याचे आंबादासही आहेत. 1963 च्या ऑक्टोबरात या मुलांनी दिल्लीला रवींद्र भवनात प्रदर्शन भरवले. उद्घाटनाला पंडित नेहरू आले. आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेची प्रस्तावना लिहिली ती मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत ऑक्टाव्हियो पाझ यांनी. गटाचे प्रदर्शन ते एकच झाले, पुढे ज्याची त्याची वाट वेगळी झाली. पण बडोद्याच्या मुलांच्या हातात काहीतरी नवे आहे हे ज्याने ओळखले आणि लिहून ठेवले, तो आपला कोणी नाही असे आपल्या वाचनालयाने म्हणावे याचे मला वाईट वाटले.

आता हा माणूस कोण, ते थोडक्यात सांगते. 31 मार्च 1914 ला मेक्सिको शहरात जन्म. बालपण मिस्कोआक या उपनगरातल्या आजोबांच्या पडक्या वाड्यात गेले. आजोबा लेखक आणि छापखानेवाले, त्यांच्या पुस्तकांच्या खोलीतच नातू वाढला. वडील वकील, झापाताच्या शेतकरी क्रांतीत उतरलेले, पुढे दारूने खचलेले. आगगाडीखाली सापडून ते गेले. मुलगा 1945 मध्ये परराष्ट्र खात्यात लागला, पॅरिसला राहिला, आणि 1950 मध्ये त्याने मेक्सिकन माणसाच्या एकाकीपणावर जे पुस्तक लिहिले त्याने तो स्पॅनिश जगात ओळखला जाऊ लागला. 1957 ची त्याची ‘सूर्यशिला’ ही दीर्घ कविता 584 ओळींची आहे. शुक्राला पुन्हा त्याच जागी दिसायला 584 दिवस लागतात, तो हिशेब त्याने ओळींत बांधला, आणि कवितेच्या शेवटी पहिल्या ओळी पुन्हा येतात, म्हणजे शुक्राची चांदणी परत उगवते. 1990 साली त्याला नोबेल मिळाले, 1998 च्या एप्रिलमध्ये तो गेला. हे सगळे कुठल्याही कोशात सापडेल, म्हणून त्यावर जास्त शाई घालवत नाही.

कोशात न सापडणारी गोष्ट म्हणजे त्याने आपला देश कसा पाहिला. तो पहिल्यांदा आला 1951 च्या नोव्हेंबरात, बोटीने, मुंबईला. तेव्हा तो दुय्यम सचिव होता आणि पॅरिस सोडावे लागल्याने मनातून नाराजच होता. सामान ठेवले आणि दिवसभर मुंबईच्या रस्त्यांतून भटकत राहिला. गर्दी, वास, रंग, भिकारी, फुलवाल्या, सगळे पाहून अखेर एका मोठ्या झाडाखाली बसला आणि आपल्याला नेमके काय वाटते आहे ते एकेक शब्दाने मांडू लागला. त्यात भीतीही होती, आनंदही होता, किळसही होती आणि पाय निघू न देणारी ओढही होती. चव्वेचाळीस वर्षांनी, 1995 मध्ये, भारतावर पुस्तक लिहिताना त्याने हे सगळे जसेच्या तसे सांगितले. किळस लपवली नाही, ओढही लपवली नाही. पाहुण्याने केलेली नुसती वाहवा आपण पुष्कळ वाचली. इतक्या खरेपणाने आपल्याकडे पाहणारे डोळे थोडे.

त्याच मुक्कामात तो घारापुरीला जाऊन आला. पुढे त्याने घारापुरीवर कविता लिहिली, तिच्यात रविवारची गर्दी आहे, लोकांनी टाकलेला कचरा आहे, आणि मग लेण्यातले शिवपार्वती आहेत. त्यांच्यापुढे उभा राहून तो म्हणतो की आम्ही तुम्हाला देव म्हणून भजत नाही, माणसातल्या देवपणाची रूपे म्हणून भजतो. आणि मागतो काय, तर परलोकातले काही नाही, फक्त समुद्रावरचा उजेड. मी लहानपणी आईबरोबर घारापुरीला गेले होते. आईने त्या तीन तोंडांच्या मूर्तीपुढे हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी मागितले. काय मागितले हे तिने कधी सांगितले नाही. ही कविता वाचताना मला दरवेळी ते पुटपुटणे ऐकू येते.

1962 मध्ये तो राजदूत होऊन परत आला आणि सहा वर्षे राहिला. दिल्लीच्या पृथ्वीराज रोडवरच्या बंगल्याच्या आवारात एक मोठा कडुनिंब होता. त्या निंबाखाली त्याने मारी-जोझेशी लग्न केले. पुढे ‘दोन बागांची गोष्ट’ या कवितेत त्याने मिस्कोआकच्या वाड्यातले अंजिराचे झाड आणि दिल्लीचा हा निंब समोरासमोर ठेवले. अंजीर बालपणीचे, एकटेपणाचे. निंब दुसऱ्या माणसाचा हात धरायला शिकवणारा. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातही निंब होता. गुढीपाडव्याला कोवळी पाने त्याचीच, गोवराच्या वेळी दारात डहाळी त्याचीच. तो निंब पाडला त्या दिवशी माझ्या सासूबाई जेवल्या नाहीत. त्या निंबावर कोणी मेक्सिकोहून येऊन कविता लिहावी आणि आपण म्हणावे, याचा मराठी वाचकाशी काय संबंध!

आणि हा संबंध एकाच दिशेचा नाही. दसऱ्याला मांडवीच्या चौकात आपण ज्या झेंडूच्या ढिगांपुढे भाव करत उभे राहतो, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे मृतांच्या दिवशी पितरांना घरची वाट दिसावी म्हणून त्याच्या पाकळ्या पसरतात. वेणीतला निशिगंध तिकडचा. चिकूही तिकडचाच. आपल्या सेव उसळीत मराठी घरची उसळ आणि गुजराती शेव एकत्र आली, आणि वरचा लाल तिखट रस्सा ज्या मिरचीचा, तीही त्याच मुलखातून समुद्र ओलांडून आली. पाझने मेक्सिकोचा मोले आणि आपला मसाल्याचा रस्सा शेजारी ठेवून विचारले आहे की कोणी कोणाचे पाहून केले? मिरची आणि कोको घालून केलेला तो मोले मी खाल्लेला नाही. पण दोन देशांच्या नात्याचा शोध चुलीपासून घेणारा राजदूत मला फार जवळचा वाटतो.

आता तुम्हाला एका दुपारबद्दल सांगायचे आहे, कारण माझ्या अर्जाचे खरे कारण ती दुपार आहे. पाझची ‘ब्लांको’ नावाची कविता आहे. 1966 मध्ये दिल्लीत लिहिली, 1967 मध्ये छापली. या स्पॅनिश शब्दाचे तीन अर्थ होतात : पांढरा, कोरा आणि नेम धरायचे लक्ष्य. कविता एका लांबच लांब कागदाच्या घडीवर छापलेली होती, उलगडत जायची. मधला स्तंभ शब्दाच्या प्रवासाचा, मौनातून निघून पुन्हा मौनात जाणारा, चार रंगांतून : पिवळा, तांबडा, हिरवा, निळा. मध्येच तो दुभंगतो. डावीकडे प्रेमकविता, तिचे चार भाग अग्नी, जल, पृथ्वी आणि वायूचे. उजवीकडे संवेदनेपासून आकलनापर्यंतच्या चार पायऱ्या. नुसता मधला स्तंभ वाचा, नुसता डावा वाचा, दोन्ही जोडून आडवे वाचा, दर वेळी नवी कविता होते. सुरुवातीला ‘हेवज्रतंत्र’ या बौद्ध तंत्रग्रंथातले एक वचन आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पाच मुली आणि शेजारची स्पॅनिश शिकणारी एक, अशा आम्ही सात जणींनी इंग्रजी भाषांतराची मदत घेऊन तिचे काही भाग मराठीत उतरवले. मग झेरॉक्सचे कागद खळीने एकाला एक चिकटवून पट्टी केली आणि ती माजघरापासून ओसरीपर्यंत अंथरली. वारा येत होता म्हणून कडेला पितळी वाट्या ठेवल्या. एक मुलगी मधला स्तंभ वाचत गुडघ्यांवर पुढे सरकत होती, दोघी दोन्ही बाजूंनी. जिथे स्तंभ दुभंगतो तिथे दोन आवाज एकमेकांवर आले आणि क्षणभर काहीच कळेना. मग धाकटीने आपणहून आवाज खाली आणला, टाळकरी मृदंगाला वाट देतो तसा, आणि दोन्ही ओळी ऐकू येऊ लागल्या. ती मुलगी अकरावी वाणिज्यला आहे. ‘काकू, म्हणजे हे वाचायचं नाहीये, हे वाजवायचंय,’ असे ती म्हणाली. सदतीस वर्षे मी शाळेत कविता शिकवली. एवढ्या नेमक्या शब्दांत मला हे सांगता आले नव्हते.

हे सगळे बडोद्याला परके आहे का? 1931 साली त्याच बौद्ध तंत्रपरंपरेतले ‘गुह्यसमाजतंत्र’ छापून जगापुढे आले ते गायकवाड प्राच्यविद्या मालेत, याच शहरातून. त्या मालेचा पहिला ग्रंथ राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. कविता कशी होते, कवीने दिवस कसा घालवावा, याचा ग्रंथ सयाजीराव महाराजांच्या राज्याने सगळ्यांत आधी छापला. आणि दरबारी चाकरी करत लिहिणारी माणसे या शहराने जेवढी पाहिली तेवढी थोड्या शहरांनी पाहिली असतील. अरविंद घोष 1893 पासून 1906 पर्यंत इथे होते, महसुलाच्या कचेरीत बसले, महाराजांचे मसुदे लिहिले, कॉलेजात शिकवले आणि रात्री कविता लिहिल्या. गोविंद सखाराम सरदेसायांनी महाराजांच्या नोकरीत राहून ‘मराठी रियासत’ सुरू केली. चंद्रशेखर इथले राजकवी होते. त्याही मागे जायचे तर राजदूताला आपला जुना शब्द वकील, आणि निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळ्यांनी नाना फडणिसांना लिहिलेली पत्रे आपण आज गद्याचा नमुना म्हणून वाचतो. दौत तीच, त्यातून सरकारी कागदही निघतो आणि साहित्यही, हे मराठी माणसाला नवे नाही. जगातही हा पायंडा आहे. चिलीची गाब्रिएला मिस्त्राल, ग्रीसचा सेफेरिस, फ्रान्सचा सॅं-जॉन पेर्स, नेरुदा, हे सगळे वकिलातींत काम करणारे कवी आणि सगळे नोबेलवाले. पण या सगळ्यांत आपल्या मातीत सहा वर्षे मुरलेला पाझच.

त्याची नोकरी ज्या दिवशी संपली ती हकिकत मात्र मला सविस्तर सांगू द्या.

1968 चे मेक्सिको ऑलिम्पिक 12 ऑक्टोबरला सुरू व्हायचे होते. उन्हाळ्यापासून तिथले विद्यार्थी रस्त्यावर होते. 2 ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्लातेलोल्को भागातल्या चौकात सभा चालू असताना सैन्याने गोळ्या घातल्या. किती माणसे मेली याचा वाद आजही मिटलेला नाही. 2 ऑक्टोबर! पाझ त्या वेळी गांधीजींच्या देशाच्या राजधानीत होता आणि त्या दिवशी गांधीजयंती होती. बातमी दिल्लीला पोहोचली. 4 तारखेला त्याने आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून कळवले की या सरकारचा प्रतिनिधी म्हणून मी काम करू शकत नाही. तेवीस वर्षांची नोकरी होती. ऑलिम्पिकनिमित्त होणाऱ्या कवींच्या मेळाव्यासाठी त्याच्याकडे कविता मागितली होती, ती त्याने आधी नाकारली होती. आता त्याने पाठवली. तिच्यात पालिकेचे कामगार चौकातले रक्त धुताहेत. कवितेखाली दिल्ली आणि 3 ऑक्टोबर 1968 अशी नोंद आहे.

माझे वडील सरकारी नोकरीत होते. एकदा त्यांच्या साहेबांनी त्यांना एका खोट्या पंचनाम्यावर सही करायला सांगितली. त्यांनी केली. घरी पाच तोंडे होती, मी त्यांना दोष देत नाही आणि देणार नाही. पण त्या रात्री ते ओसरीवर अंधारात बसून राहिले आणि आईने दिवा लावला तर म्हणाले, ‘राहू दे.’ पाझचा राजीनामा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती ओसरी आठवली. आपल्यापैकी किती घरांत अशी ओसरी असेल! या शहरातला मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या नोकरी करत आला : राज्याची, रेल्वेची, बँकेची, पेट्रोकेमिकल्सची. नोकरी आणि मन यांची ओढाताण आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून तर हा विषय आपला आहे.

इंदिरा गांधींना त्याला सरकारी निरोप देता येईना, म्हणून त्यांनी त्याला आपल्या घरी जेवायला बोलावले. मग तो मुंबईला आला, आणि बोटीत चढण्याआधी पुन्हा एकदा घारापुरीला गेला. आला तेव्हा पाहिलेले लेणे जाताना पुन्हा डोळे भरून पाहिले.

मी त्याला देव्हाऱ्यात बसवा म्हणत नाही. त्याच्या भारतावरच्या कवितांत झाडे, मशिदी, कबरी, देऊळ आहेत, पण नाव असलेली भारतीय माणसे फार कमी. बंगल्यातला माळी, भांडी घासणारी बाई कुठे आहे, हा प्रश्न मला पडतो. तंत्रातल्या शक्तीवर त्याने पानेच्या पाने लिहिली, पण रोज सकाळी तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईची श्रद्धा त्याला फारशी दिसली नाही. त्याची पहिली बायको एलेना गारो स्वतः मोठी कादंबरीकार. तिच्याशी त्याचे जे झाले ते वाचून मन खिन्न होते, आणि पाझ वाचणाऱ्याने गारोही वाचावी असे माझे मत आहे. पुढच्या काळात डाव्यांवर त्याने इतकी कडक टीका केली की 1984 मध्ये त्याच्याच शहरात लोकांनी त्याचा पुतळा जाळला. यावर भांडण व्हावे. व्याख्यान असते कशासाठी? जयपूरजवळच्या गलत्याच्या वाटेवर त्याने हनुमानाला घेऊन जे पुस्तक लिहिले, त्यात मारुती हा व्याकरणाचा कर्ता आहे, शब्द पेरणारा. माणिकरावांच्या व्यायाममंदिराच्या या गावात मारुती म्हणजे आधी बळ. कोणी उठून म्हणावे, हा मारुती आम्हाला मान्य नाही. मला ते ऐकायला आवडेल.

तेव्हा माझे मागणे असे आहे. व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ द्या. मोठा वक्ता बोलावू नका, मानधनाचा प्रश्नच ठेवू नका. आमच्या मुली वाचतील, एखाद्या ज्येष्ठ चित्रकाराने त्या 1963 च्या दिवसांबद्दल दहा मिनिटे बोलावे अशी विनंती आपण सगळे मिळून फाइन आर्ट्सला करू. दुसरे, अनुवादित साहित्याचे कपाट गेली चार वर्षे कुलपात आहे. किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. ते उघडा. 1910 साली महाराजांनी ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना अमेरिकेहून बोलावले आणि पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत धाडली, त्या राज्याच्या राजधानीत पुस्तकांना कुलूप असू नये. त्या कपाटात पाझ नाही. त्याचे भारतावरचे पुस्तक आणि कवितांचा एक मोठा संग्रह मी माझ्याकडून देते, पावतीही नको. तिसरे, ज्यांना स्पॅनिश येते अशी मराठी मुले-मुली या शहरात आता आहेत, त्यांना वाचनालयाची वरची खोली शनिवारी दोन तास वापरू द्या. वर्षभरात वीस कविता मूळ स्पॅनिशवरून मराठीत आल्या तरी पुष्कळ झाले.

मंडळाने पुन्हा नकार दिला तरी मी वर्गणी भरेन आणि पुस्तकेही देईन. पण या वेळी नकाराखाली सही असावी एवढी इच्छा आहे, म्हणजे त्या सभासदाशी बसून मला बोलता येईल.

होकार आला तर एक अडचण आधीच सांगून ठेवते. ‘ब्लांको’ची आमची पट्टी चौदा पावले भरते. सभागृहात ती अंथरायची तर मधल्या चार रांगा हलवाव्या लागतील आणि पंखे बंद ठेवावे लागतील. खुर्च्या आम्ही हलवू आणि कार्यक्रम संपल्यावर होत्या तशा लावून देऊ. वाट्या घरून आणू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जुनी सभासद
दांडिया बाजार, वडोदरा